आधी कापड, मग चित्र : छोट्या ब्रँडच्या हंगामी कपड्यांसाठी चित्रकाराकडून छाप करून घेताना

चित्रकाराकडून सुंदर चित्र घेतलं, फाइल छपाईवाल्याकडे पाठवली, शंभर मीटर कापड आलं आणि कुर्ता शिवून झाल्यावर ते चित्र कुठेच दिसेना. नव्या ब्रँडच्या पहिल्या हंगामात हे हमखास घडतं. चित्र भिंतीसाठी काढलेलं असतं, त्याला चौकट असते. कापडाला चौकट नसते. ते पन्ह्यात अडकलेलं आणि लांबीत न संपणारं असतं. ते आटतं, त्याचे तुकडे पडतात, त्याला शिवणी येतात आणि शेवटी ते वळणावळणाच्या अंगावर चढतं. म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी कापड ठरवा, मग छपाईची पद्धत आणि त्या दोन्हींच्या मर्यादा हातात आल्यावरच चित्रकाराकडे जा.

सोयीसाठी एक उदाहरण धरू : गुढीपाडव्याला विक्रीला आणायचा सुती उन्हाळी संच, तीन छाप, सगळे मिळून दीडशे-दोनशे कपडे.

कापड

पहिल्या हंगामात एकच कापड घ्या, फार तर दोन. कॅम्ब्रिक, पॉपलिन किंवा मलमल ही सुरुवातीला सांभाळायला सोपी. रेयॉन अंगावर छान पडतं, पण ओलं झालं की ताणलं जातं आणि आटतंही जास्त. त्यावर सरळ रेषांचा छाप सरळ ठेवणं कठीण जातं.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवरून येतं ते कोरं कापड. त्यात खळ असते, तेलाचे डाग असतात. त्यावर थेट छापता येत नाही. खळ काढलेलं, उकळलेलं, ब्लीच केलेलं कापड लागतं आणि बाजारात त्याला आरएफडी (रेडी फॉर डाइंग) म्हणतात. ताग्यावर चिठ्ठी आहे म्हणून विश्वास ठेवू नका. दोन साध्या तपासण्या दुकानातच करता येतात. पहिली, कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो दोन-तीन सेकंदांत शोषला गेला पाहिजे. मोत्यासारखा वर बसून राहिला तर खळ किंवा मेण शिल्लक आहे आणि रंग आत न शिरता वरच राहील. दुसरी, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कापड धरा. लखलखीत निळसर चमकलं तर त्यात टिनोपालसारखं पांढरं करणारं द्रव्य आहे. अशा कापडावर फिके पिवळे, पीच आणि आबोली रंग ठरवल्यापेक्षा थंड दिसतात. मग दोष छपाईवाल्यावर जातो, चूक मात्र कापडाची असते.

पन्हा स्वतः मोजा, ताग्यात तीन ठिकाणी. ४४ इंची म्हणून दिलेलं कापड ४३ भरणं सर्रास आहे. दोन्ही किनारींचा भाग सोडला की छापायला साधारण ४२ इंच मिळतात. हाच आकडा पुढे चित्रकाराला द्यायचा आहे.

मग आटण्याची चाचणी. सुमारे ७० सेंटीमीटर लांब-रुंद तुकड्यावर मध्यभागी ५० बाय ५०चा चौकोन रंगीत दोऱ्याने टाका आणि कुठली बाजू लांबीची आहे तेही लिहा. गिऱ्हाईक धुईल तसंच तो तुकडा धुवा, वाळवा, न ताणता इस्त्री करा आणि मोजा. लांबीत ४८ आणि पन्ह्यात ४९.५ भरलं तर कापड लांबीत ४ टक्के आणि रुंदीत १ टक्का आटलं. याचा अर्थ छापलेलं गोल वर्तुळ पहिल्या धुण्यानंतर लंबगोल होणार. फुलापानांच्या छापात हे कुणाला कळत नाही. पण वर्तुळं, चौकटी किंवा चेहरे असतील तर फाइल लांबीत १.०४२ पट आणि रुंदीत १.०१ पट ताणून घ्यावी लागते. छपाईतल्या वाफेने आणि धुलाईनेही कापड थोडं आटतं, त्यामुळे हेच माप छापलेल्या नमुन्यावर पुन्हा घ्या आणि तेच आकडे अंतिम माना.

छपाईची पद्धत

चित्र कसं आहे यापेक्षा किती मीटर हवं आहे यावर हा निर्णय जास्त अवलंबून असतो.

हाताच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाला एक स्क्रीन, म्हणजे रंग पाझरवणारी जाळीची चौकट, लागतो आणि तो खर्च एकदाच होतो. समजा एका स्क्रीनला २,००० रुपये पडले आणि छापात पाच रंग आहेत, तर १०,००० रुपये झाले. ५० मीटर छापलं तर मीटरमागे २०० रुपये नुसत्या स्क्रीनचे. ४०० मीटर छापलं तर २५. त्यामुळे रंग कमी आणि मीटर जास्त असतील तेव्हा स्क्रीन परवडतो. रोटरी छपाई, म्हणजे फिरणाऱ्या नळीसारख्या स्क्रीनची, मोठ्या गिरण्यांची. तिच्यात कापड हजारांच्या भाषेत मोजतात आणि रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा येणारा चित्राचा तुकडा, ६४ सेंटीमीटरच्या घेरात बसवावा लागतो. लहान ब्रँडने सध्या तिकडे पाहू नये.

डिजिटल छपाईत स्क्रीन नसतो. रंग कितीही असू देत, दहा मीटरही छापता येतात. जलरंगाचे ओघळ, पेन्सिलीची छाया, ब्रशचे फटकारे हे सगळं तिथेच चांगलं येतं. पण सुती कापडावरची डिजिटल म्हणजे कोणती, हे विचारलंच पाहिजे. रिअॅक्टिव्ह शाईसाठी कापडाला आधी सोडा, युरिया आणि अल्जिनेटचा हात देतात, छापल्यावर सुमारे १०२ अंश सेल्सियसच्या वाफेत आठ ते बारा मिनिटं ठेवतात आणि मग नीट धुतात. रंग धाग्यात शिरतो, कापड मऊ राहतं. पिगमेंट शाईत छापल्यावर साधारण १५०-१६० अंशांना भाजतात, धुलाई लागत नाही, खर्च आणि वेळ वाचतो, पण रंग धाग्यावर बसलेला असतो. गडद रंगांत घासल्यावर तो निघण्याची भीती असते. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने वाफ झालेला रंग कापडात उतरवणं, पॉलिएस्टरसाठी आहे. सुरतेहून कुणी स्वस्त दर सांगितला तर पहिला प्रश्न कापड कोणतं हाच विचारा, कारण सुतावर सब्लिमेशन टिकत नाही.

ठशांच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. गांधीनगरजवळचं पेथापूर ठसे कोरण्यासाठी आणि जयपूरजवळचं सांगानेर आणि बगरू छपाईसाठी ओळखलं जातं. केसासारखी बारीक रेष लाकडात टिकत नाही आणि दोन रंगांमध्ये थोडी फट किंवा चढाव येणारच. हा दोष समजणार असाल तर ठशांकडे जाऊ नका.

एक गोष्ट नवख्यांना हटकून चकवते, ती म्हणजे पांढरा रंग. सुती कापडाच्या नेहमीच्या डिजिटल रिअॅक्टिव्ह छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे न छापलेलं कापड. गेरूच्या जमिनीवर, म्हणजे छापामागच्या रंगावर, पांढऱ्या रेषा हव्या असतील तर यंत्र रेषा सोडून सगळी जमीन छापतं. शाई कापडाच्या पूर्ण आत जात नाही, म्हणून मागची बाजू पांढुरकी राहते. ओढणीत, दुमडलेल्या बाहीत, कुर्त्याच्या कटमध्ये ते लगेच दिसतं. स्क्रीनवर गडद कापडावर जाड पांढरा छाप देता येतो, त्याला खडी म्हणतात. तो हाताला कडक लागतो आणि काही धुण्यांनंतर तडकू शकतो. तिसरा मार्ग डिस्चार्जचा. कापड आधी डिस्चार्ज होणाऱ्या रंगात रंगवायचं आणि रेषांपुरता रंग रसायनाने उडवायचा. कापड मऊ राहतं, दोन्ही बाजूंना रंग असतो. गडद जमीन आणि फिक्या रेषा हेच तुमच्या संचाचं मुख्य रूप असेल तर डिस्चार्ज करणारा कारखाना शोधायची मेहनत घ्या. फरक हातात धरताक्षणी कळतो.

चित्रकार आणि कागद

आता चित्रकाराकडे जायचं. बोलणं सुरू व्हायच्या आधी लेखी तपशील तयार ठेवा : कापड, छापायचा पन्हा, पद्धत, रंगांची कमाल संख्या, कोणते कपडे शिवणार, छाप एकाच दिशेचा चालेल की नाही आणि तारखा. "उन्हाळ्यासाठी काहीतरी ताजं" एवढंच सांगितलंत तर चित्रकाराचे दोन महिने वाया जातात आणि दुरुस्त्यांवरून भांडण होतं. दुरुस्त्या किती वेळा हेही आधीच ठरवा. कच्च्या रेखाटनावर दोन आणि रंगांवर दोन हे प्रमाण रास्त आहे.

हक्कांच्या बाबतीत तोंडी बोलणं दोघांच्याही अंगाशी येतं. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७नुसार मोबदला देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या रंगचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. चित्रकाराने आधीच काढलेल्या चित्राचा हक्क मात्र त्याच्याकडेच असतो, ब्रँडला फक्त वापरायची परवानगी मिळते. दोन्ही बाजूंना नेमकं काय हवं आहे ते लिहून टाकणं हाच उपाय. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतो. परदेशातल्या गिऱ्हाइकांना माल पाठवणार असाल तर तो प्रदेश करारात हवा.

छोट्या ब्रँडसाठी आमची शिफारस अशी : हक्क विकत घेऊ नका, परवाना घ्या. फक्त कपड्यांसाठी, ठरावीक वर्षांसाठी, त्या काळात तेच चित्र दुसऱ्या कपड्यांच्या ब्रँडला न देण्याच्या अटीवर. चित्रकाराचे मूळ कागद आणि पोस्टर, वही, प्रदर्शन यांचे हक्क त्याच्याकडे राहू द्या. तुम्हाला पैसे कमी द्यावे लागतात आणि त्याच्या हातून पुढचं चांगलं चित्रही मिळतं. मानधन एकरकमी असेल तर तीन टप्प्यांत द्या : सुरुवातीला, रेखाटन पसंत झाल्यावर, अंतिम फाइल मिळाल्यावर. रॉयल्टी द्यायची असेल तर ती कुठल्या किमतीवर, हे एका वाक्यात स्पष्ट लिहा. छापील किमतीवर, सवलतीनंतरच्या किमतीवर की दुकानदाराला दिलेल्या घाऊक किमतीवर? कर धरून की वगळून? परत आलेल्या कपड्यांचं काय? उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या तर त्यावर रॉयल्टी लागू आहे का? मुदत संपल्यावर उरलेला माल किती महिने विकता येईल? हे प्रश्न दुसऱ्या वर्षी निघतातच.

आणखी एक कायदेशीर खाच आहे. कपड्यावरचा छाप डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखा असेल आणि तो नोंदवला नसेल, तर औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग निघाल्यावर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मूळ चित्राचा भाग वेगळा, पण नकलाकाराशी लढताना ही अडचण मोठी ठरते. डिझाइन कायदा २०००खाली नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. अट अशी की अर्ज छाप जाहीर होण्यापूर्वी करायचा. नमुन्याचा फोटो आधी समाजमाध्यमावर टाकलात तर नावीन्य गेलं. संचातला मुख्य छाप नोंदवायचा असेल तर वकिलाला स्ट्राइक-ऑफच्या, म्हणजे पूर्ण छपाईआधीच्या नमुन्याच्या, टप्प्यावरच गाठा.

वारली चित्रकारांसोबत काम करायचं असेल तर ते चित्र वारली चित्रकाराकडूनच घ्या, इंटरनेटवरच्या वारली आकृत्या उचलू नका. या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी आहे. शिवाय तिच्यातला लग्नाचा चौक, त्यातली पालघाट देवी, हे लग्नविधीचं चित्र आहे. ते पायजम्यावर किंवा उशीच्या अभ्र्यावर जावं का, हा निर्णय ब्रँडने एकट्याने घेऊ नये. चित्रकारालाच विचारा आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच संपवा. शेती, नाच, झाडं, पाऊस यांत छापासाठी भरपूर काही आहे.

चित्राचा रिपीट

खरं कौशल्य इथे लागतं. अनेक उत्तम चित्रकारांनी हे काम आधी केलेलं नसतं, म्हणून पहिल्यांदा कागदावरच करून दाखवा. जाड कागदाच्या मधोमध चित्र काढा, चारही कडा मोकळ्या ठेवून. कागद उभा कापा आणि दोन अर्ध्यांची अदलाबदल करून चिकटवा. मग आडवा कापून तसंच करा. आता आधीच्या कडा मध्यभागी आल्या आणि मधे मोकळी जागा दिसते. तिथे चित्र पूर्ण करा, बाहेरच्या नव्या कडांना हात न लावता. हा कागद चारही बाजूंना स्वतःशीच जुळतो. संगणकावर ऑफसेट हीच क्रिया करतं, पण कात्रीने एकदा केलं की ती डोक्यात पक्की बसते.

रिपीट सरळ ठेवायचा की हाफ ड्रॉप, हा पुढचा प्रश्न. सरळ रिपीटमध्ये तीच फुलं एका रांगेत येतात आणि दुरून आडवे पट्टे दिसतात. हाफ ड्रॉपमध्ये शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकतो, त्यामुळे डोळ्याला रांग लवकर सापडत नाही. फुलापानांना, पक्ष्यांना हाफ ड्रॉप बरा. चौकटी आणि पट्ट्यांना सरळ. स्क्रीनसाठी रिपीटची रुंदी छापायच्या पन्ह्याला पूर्ण भाग जाईल अशी ठेवा. ४२ इंचांत २१चे दोन, १४चे तीन किंवा साडेदहाचे चार बसतात. हाफ ड्रॉप असेल तर सम संख्येत बसवा, म्हणजे दोन पन्हे शेजारी जोडल्यावरही छाप जुळतो.

रिपीट तयार झाला की तो तीन बाय तीन असा नऊ वेळा मांडा आणि डोळे बारीक करून दुरून पाहा. तपशील नाहीसा होतो आणि खोट वर येते : एक मोठं लाल फूल सगळीकडे टिपक्यासारखं टोचतं, कुठे रिकामी गल्ली तिरपी धावते, कुठे गडद गुठळी होते. हे दोष चित्र जवळून पाहताना कधीच दिसत नाहीत, आणि कपडा माणसं दुरूनच पाहतात. सगळ्यात ठळक आकार एकाऐवजी तीन करा, थोडे वेगळे, वेगवेगळ्या दिशांना वळलेले. गल्ली बुजवायला नवीन फूल नको, शेजारच्या फांदीचं टोक वाढवलं तरी पुरतं.

हाताच्या स्क्रीनमध्ये कारागीर एक आड एक चौकट छापत जातो, ओला रंग पुसू नये म्हणून, आणि परत येऊन मधल्या चौकटी भरतो. त्यामुळे जोड जिथे येतो तिथे रंग दोनदा बसण्याची शक्यता असते. भरीव जमिनीतून सरळ जोड गेला तर कापडभर रेघ दिसते. जोडाची वाट आकारांच्या कडेकडेने नागमोडी काढा. शेजारच्या दोन रंगांत अर्धा ते एक मिलिमीटर चढाव ठेवा, नाहीतर पांढरी फट डोकावते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा पिगमेंटच्या स्क्रीनमध्ये भरून जाते किंवा तुटते.

डिजिटलमध्ये उलटी काळजी. मोठी सपाट एकरंगी जमीन देऊ नका. यंत्राच्या हेडमधलं एखादं छिद्र बुजलं की त्या सपाटीवर आडव्या रेघा उमटतात. जमिनीला कागदाचा पोत किंवा ब्रशचा हलका माग ठेवलात तर तेवढाच दोष लपतो आणि चित्रही जिवंत वाटतं.

फाइलचं गणित सोपं आहे. ए-४ कागदाची रुंदी ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली तर सुमारे ४,९६० पिक्सेल मिळतात. २०० डीपीआयने छापायचं असेल तर त्यातून ६३ सेंटीमीटर रुंदीचा छाप होतो आणि तो कापडावर चांगला दिसतो. मोबाइलवर काढलेला फोटो वापरू नका; कडा वाकतात, एका बाजूला सावली येते आणि रिपीटचा जोड जुळत नाही. फाइल टिफ ठेवा. आरजीबी (पडद्याची रंगपद्धत) हवी की सीएमवायके (छपाईची), ते छपाईवाल्याला विचारून ठरवा, कारण कापडाच्या यंत्रांवर अनेक ठिकाणी आरजीबीच मागतात.

अंगावरचा आकार

पडद्यावर सगळेच आकार योग्य वाटतात. खऱ्या मापात ए-३ कागदांवर छापा, चिकटपट्टीने जोडा, अंगाला लावून आरशासमोर सहा-सात फुटांवर उभं राहा. पंधरा सेंटीमीटरहून मोठा आकार कुर्त्याच्या पाठीवर शोभतो, पण बटणपट्टीवर चिरला जातो, कॉलरमध्ये त्याचा निव्वळ डाग उरतो. म्हणून तीन छापांचा संच असा आखा : एक मोठा आणि बोलका, एक दोन-तीन सेंटीमीटरच्या आकारांचा बारीक, आणि एक साधा पट्टा किंवा ठिपका. तिघांचे रंग एकाच डब्यातले. बारीक छाप बाहीला, अस्तराला, पायपिंगला वापरता येतो आणि मोठा छाप फसला तरी हंगाम वाचतो.

दिशेचा प्रश्न इथेच सोडवा. सगळे पक्षी एकाच दिशेने उभे असतील तर कपड्याचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड दहाएक टक्के जास्त जातं. खांद्यावर शिवण नसलेल्या काफ्तानमध्ये पुढचे पक्षी उभे तर पाठीवरचे उलटे टांगलेले दिसतात. काफ्तान करायचाच असेल तर दोन्ही दिशांना वळलेला छाप मागा.

विशिष्ट जागी बसणारं चित्र, म्हणजे योकवर (खांद्यालगतच्या जोडलेल्या भागावर) एक झाड किंवा घेराला नदी, मोहात पाडतं. पण त्यात प्रत्येक मापाची वेगळी फाइल लागते, शिवणीच्या मायेपलीकडे आणखी दीड-दोन सेंटीमीटर चित्र वाढवावं लागतं आणि आटण्याचं गणित एक टक्का चुकलं तरी झाड खांद्यावरून घसरतं. पहिल्या हंगामात याला हात लावू नका.

स्ट्राइक-ऑफ आणि रंग

पूर्ण छपाईआधी त्याच कापडावर, त्याच यंत्रावर किमान एक मीटर नमुना छापून घ्या. वेगळ्या कापडावरचा नमुना निरुपयोगी आहे. नमुना वाफवून, धुऊन, इस्त्री करून मागा. न धुतलेला रिअॅक्टिव्ह छाप वेगळाच दिसतो. मग तो पडद्याशी जुळवू नका. रंग आधीच सुती शेडकार्डावर (क्रमांक दिलेल्या रंगीत तुकड्यांच्या कार्डावर) ठरवून ठेवा आणि त्याच तुकड्यांशी जुळवा, एकदा सकाळच्या सावलीतल्या उजेडात आणि एकदा दुकानातल्या दिव्याखाली. दोन्हीकडे जुळला तरच होकार. सोबतची साधी सलवार त्याच रंगात रंगवायची असेल तर रंगाऱ्याला कागद नको, धुतलेल्या स्ट्राइक-ऑफचा तुकडा द्या.

नमुन्यातून तीन तुकडे कापा. पहिल्याला पांढरी सुती पट्टी शिवून, लिटरला पाच ग्रॅम साबण घातलेल्या ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास हलवत ठेवा. पट्टीवर रंग चढला तर न बसलेला रंग नीट धुऊन काढलेला नाही, छपाईवाल्याला उकळत्या साबणाची धुलाई पुन्हा करायला सांगा. दुसऱ्यावर पांढरं फडकं बोटाला गुंडाळून दहा वेळा कोरडं आणि दहा वेळा ओलं घासा. पिगमेंटमध्ये रंग आला तर त्या तुकड्यावर कडक इस्त्री काही मिनिटं दाबून पुन्हा घासा. आता कमी आला तर भाजणं अपुरं झालं आहे आणि दोष सुधारण्यासारखा आहे. तरीही तेवढाच आला तर रंगाचं आणि बाइंडरचं (रंग कापडाला चिकटवणाऱ्या द्रव्याचं) प्रमाण चुकलं आहे किंवा छटा पिगमेंटसाठी फार गडद आहे. तिसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर उन्हात ठेवा. उन्हाळी कपडा दोरीवर वाळणार आहे, हे विसरून चालणार नाही.

ऑर्डर, तारखा, कटिंग

एका छापाचे मीटर काढताना असं मोजा. २५ कुर्ते, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे ६२.५. २५ शर्ट, प्रत्येकी सव्वादोन, म्हणजे ५६.२५. एकूण ११८.७५. एकदिशा छापासाठी १० टक्के धरले की १३०.६. छपाईतल्या दोषांसाठी ५ टक्के, म्हणजे १३७. कापण्याआधी धुणार असाल आणि लांबीत ४ टक्के आटत असेल तर १३७ भागिले ०.९६, म्हणजे जवळपास १४३. ऑर्डर १४५ मीटरची द्या आणि एकाच वेळी छापून घ्या. कमी पडलेले दहा मीटर दोन आठवड्यांनी छापले की छटा बदलते, आणि त्या छटेची बाही जुन्या छटेच्या अंगाला लागली की कपडा बाद.

पाडव्यासाठी मार्चच्या मध्यात माल हवा असेल तर कापड जानेवारीअखेर छापून हातात हवं, छपाईची ऑर्डर जानेवारीच्या सुरुवातीला, स्ट्राइक-ऑफच्या दोन फेऱ्या डिसेंबरात, रिपीट आणि रंग नोव्हेंबरात, चित्र सप्टेंबर-ऑक्टोबरात, करार ऑगस्टमध्ये. दिवाळीत कारागीर गावी जातात, तेव्हाचे दोन आठवडे हिशेबात धरूच नका. दिवाळीचा संच करत असाल तर छपाई पावसाळ्यात येते. दमट हवेत युरिया ओल ओढून घेतो, वाफवण्याआधी पडून राहिलेला छाप कडांना पसरतो, आणि उघड्यावर वाळवणाऱ्या कारखान्यांचं काम तर थांबतंच. त्या काळात छापलं त्याच दिवशी वाफवतात ना, हे विचारून घ्या.

कापड आल्यावर ताबा घेण्याआधी पूर्ण तागा उलगडून उजेडात तपासा, दोष जिथे असेल तिथे किनारीला रंगीत दोरा बांधा. पन्ह्यावर आडवी दोरी धरा. ४४ इंचांत छाप एक इंच तिरका गेला असेल तर फुलांत खपेल, पट्ट्यात खपणार नाही. कापल्यानंतर छपाईवाला कुठलीच तक्रार ऐकत नाही आणि त्यात त्याची बाजू बरोबर आहे.

कटिंग मास्तरला नुसता पॅटर्न देऊ नका. छापाचा खऱ्या मापाचा कागद द्या आणि त्यावर खुणा करा : मोठं फूल नेमकं छातीच्या टोकावर किंवा मागे बसायच्या जागी नको, चेहरा शिवणीत कापला जाऊ नये, खिसा खालच्या छापाशी जुळवायचा की मुद्दाम वेगळा. जुळवायचा असेल तर प्रत्येक जुळणाऱ्या भागामागे एका रिपीटइतकं कापड वाया जाऊ शकतं; म्हणूनच जुळवणी फक्त खिशावर आणि पुढच्या पट्टीवर ठेवावी.

चित्रकाराचं नाव कपड्याच्या आतल्या लेबलवर छापा, आणि शक्य असेल तर कापडाच्या किनारीवरही. फिनलंडची मारिमेक्को कंपनी कापडाच्या किनारीवर छापाचं नाव, चित्रकाराचं नाव आणि वर्ष छापते. माइया इसोला या चित्रकर्तीचा १९६४चा उनिक्को हा पॉपीचा छाप आजही तिच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे स्क्रीनवाल्याला किनारीची ओळ वाढवायला सांगितलं तर तो एका स्क्रीनवरच ती बसवून देतो.

शेवटी प्रत्येक छापाची एक पिशवी भरून ठेवा. तिच्यात मंजूर स्ट्राइक-ऑफ, धुतलेला तुकडा, शेडकार्डाचे क्रमांक, अंतिम फाइल, कापडवाल्याचं बिल, आटण्याचे आकडे आणि कराराची प्रत असू द्या. पिशवी उजेडात ठेवू नका, नाहीतर पुढच्या हंगामात फिकट पडलेल्या नमुन्याशीच नवं कापड जुळवत बसाल.